त्या दिवशी ओरडली ती नेमकी कोण?

पत्र

मी अकरा वर्षं एका पर्यावरण गटाचं काम पाहते. पाणथळ जागा वाचवणं आणि कचरा कमी करणं, ही आमची दोन कामं. चौदा जण आहोत, त्यातले पाच पगारी. गेल्या महिन्यात एक नवा मुलगा बैठकीला प्लास्टिकची पाण्याची बाटली घेऊन आला. मी सगळ्यांसमोर त्याच्यावर इतकी ओरडले की मलाच माझा आवाज ओळखू येईना. तो त्या दिवसापासून आलेला नाही. त्याच आठवड्यात, ज्या कंपनीच्या भरावाविरुद्ध आम्ही दोन वर्षं लढतोय तिच्या अधिकाऱ्यासमोर मात्र मी नको तितकी गोड बोलले आणि एक महत्त्वाचा मुद्दा सोडून आले. रात्री दोन-दोन वाजेपर्यंत मोबाइलवर पुराच्या, वणव्यांच्या बातम्या वाचत पडते.

गटात सध्या दोन तट आहेत. एक दुसरी कंपनी निधी द्यायला तयार आहे. तरुण मंडळी म्हणतात, कुठल्याच कंपनीची दमडी नको. आमचे जुने खजिनदार म्हणतात, पैसे घ्या आणि काम वाढवा. दोघांना सांभाळता सांभाळता मी संपले. लहानपणी आई-वडिलांचं भांडण झालं की मध्ये पडायचं काम माझंच असायचं, ते हल्ली सारखं आठवतं.

एका नेतृत्व शिबिरात आम्हाला सांगितलं, ‘तुमच्या आतले वेगवेगळे भाग ओळखा, त्यांच्याशी बोला.’ मला हसू आलं, थोडा रागही आला. इकडे पाणथळ बुजतेय आणि मी माझ्या आतल्या माणसांशी गप्पा मारत बसू? हे स्वतःतच रमण्याचं नवं नाव नाही का? राजीनामा लिहून ठेवलाय. देऊ का?

– मधली

उत्तर

प्रिय मधली,

तुमची सही वाचून थांबले. अकरा वर्षं गट चालवणारी बाई स्वतःला ‘प्रमुख’ म्हणत नाही, ‘मधली’ म्हणते. या सहीकडे नंतर परत येऊ.

आधी तुमच्या हसण्याबद्दल. शिबिरातली भाषा ऐकून मलाही पहिल्यांदा असंच झालं होतं. एका सभागृहात चाळीस माणसं डोळे मिटून आपापल्या ‘भागां’ना नमस्कार करतायत, हे दृश्य गंभीरपणे घेणं अवघडच. पण शिबिराचा थाट बाजूला ठेवा आणि आपण रोज कसं बोलतो ते ऐका. ‘एक मन म्हणतं जावं, दुसरं म्हणतं कशाला.’ ‘मन खातंय.’ ‘मनाची समजूत घातली.’ समजूत कोण घालतं आणि कुणाची? आत एकापेक्षा जास्त जण आहेत हे आपली भाषा गृहीतच धरते. मानसशास्त्राने त्याची रीतसर पद्धत केली, एवढंच.

शिबिरात जे सांगितलं ते बहुधा रिचर्ड श्वार्ट्झ या अमेरिकी कुटुंबोपचारतज्ज्ञाच्या ‘इंटर्नल फॅमिली सिस्टिम्स’ पद्धतीतलं असणार. लोक तिला थोडक्यात आयएफएस म्हणतात. कल्पना अगदी नवी नाही. इटलीच्या रोबेर्तो असाजोली यांनी त्याच्या कितीतरी आधी माणसातल्या ‘उपव्यक्तिमत्त्वां’बद्दल लिहिलं होतं. श्वार्ट्झ १९८०च्या दशकाच्या सुरुवातीला खाण्याच्या विकारांनी त्रस्त तरुणींवर उपचार करत होते. कुटुंबातले संबंध सुधारले की विकार जाईल, अशी त्यांची अपेक्षा होती. विकार गेला नाही. मग त्या मुलीच सांगू लागल्या की आत काय चालतं: एक भाग जिव्हारी लागेल असं बोलतो, त्याने दुसरा कोलमडतो, आणि ती वेदना बुजवायला तिसरा खाण्यावर तुटून पडतो. बाहेरच्या कुटुंबात जे रुसवे, युती आणि दटावण्या असतात, त्याच त्यांना आत दिसल्या.

यातली एक हकिगत त्यांनी स्वतःच सांगितली आहे आणि तुमच्यासाठी ती महत्त्वाची आहे. एका मुलीतला एक भाग तिला स्वतःलाच इजा करायला लावायचा. श्वार्ट्झ आणि ती मुलगी, दोघांनी मिळून त्या भागाला दमात घेतलं आणि ‘पुन्हा करणार नाही’ असं त्याच्याकडून वदवून घेतलं. पुढच्या भेटीला ती आली ती आणखी मोठी जखम घेऊन. श्वार्ट्झ हताश झाले, म्हणाले, मी हरलो, तुझ्यापुढे माझं चालत नाही. त्यावर तो भाग नरमला. त्यालाही जिंकायचं नव्हतंच. तेव्हा कुठे त्यांनी लढणं सोडून विचारायला सुरुवात केली: तू हे का करतोस? आणि कळलं की तो त्या मुलीला कशापासून तरी वाचवायची धडपड करत होता, जुन्या आणि भयंकर मार्गाने.

आता तुमची बाटली.

ओरडल्यापासून तुम्ही स्वतःला काय काय म्हणाला असाल याची कल्पना करू शकते. ‘माझ्यावर ताबा नाही’, ‘मी नेता व्हायच्या लायकीची नाही’. म्हणजे एका भागाने मुलाला झोडपलं आणि दुसरा आता त्या भागाला झोडपतोय. या मारामारीत रोज रात्र जाते, पण ओरडणारी हलत नाही. उलट पुढच्या वेळी जास्त जोरात येते, कारण तिचं काय म्हणणं होतं ते कुणी ऐकूनच घेतलं नाही.

तर एकदा ऐका. तासभर नको, दहा मिनिटं पुरेत. बैठकीचा तो क्षण आठवा आणि शरीरात कुठे काय होतं ते बघा. जबडा आवळतो? छातीत काही चढतं? तिथे लक्ष ठेवून स्वतःला विचारा, ‘या ओरडणारीबद्दल मला आत्ता काय वाटतं?’ सगळी पद्धत या एका प्रश्नावर उभी आहे. उत्तर ‘लाज वाटते’ किंवा ‘ती गेली पाहिजे’ असं आलं, तर ते बोलणारा हा आणखी एक भाग आहे. त्याला म्हणा, तूही खरा आहेस, पण जरा बाजूला बस, मला हिच्याशी बोलू दे. असं दोन-तीनदा करावं लागतं. मग एखाद्या क्षणी उत्तर बदलतं: ‘ही बिचारी एवढी का पेटली, कुणास ठाऊक.’ कुतूहल आलं की समजा तुम्ही स्वतः खोलीत आलात. त्याआधी जे चालू होतं ते भागांचं आपापसातलं भांडण होतं.

या ‘तुम्ही स्वतः’ला श्वार्ट्झ ‘सेल्फ’ म्हणतात आणि त्याच्या आठ खुणा देतात: शांतपणा, कुतूहल, स्पष्टता, करुणा, आत्मविश्वास, धैर्य, सर्जनशीलता आणि जोडलेपण. इंग्रजीत हे आठही शब्द एकाच अक्षराने सुरू होतात. मराठीत तो अनुप्रास जमत नाही हे बरंच आहे, नाहीतर त्याचंही भिंतीवर लावायचं पोस्टर झालं असतं. आठांतलं एक जरी हाताशी असलं तरी काम सुरू होतं. माझ्या अनुभवात कुतूहल सगळ्यात लवकर येतं.

मग तिला विचारा, ‘तू ओरडली नसतीस तर काय होईल अशी भीती होती?’ उत्तर मी तुमच्या तोंडी घालणार नाही. पण अशा कामातल्या लोकांकडून मी जी ऐकली आहेत ती साधारण अशी: ‘आपल्याच घरात हे चालणार असेल तर बाहेर कोण ऐकणार?’ ‘मी सैल सोडलं तर सगळंच सुटेल.’ ‘मी एकटीच शुद्धीवर आहे, बाकी सगळे झोपलेत.’ यात क्रूरपणा कुठे आहे? राखण करून करून दमलेल्या कुणाचं तरी हे बोलणं आहे.

आयएफएसमध्ये भागांची तीन प्रकारची कामं सांगतात. काही आधीच सगळं आवरून ठेवतात, वाईट असं घडूच नये म्हणून. त्यांना व्यवस्थापक म्हणतात. काही आग लागल्यावर धावतात आणि ती विझवायला हाताला लागेल ते ओततात, सामान भिजेल की नाही हे बघत नाहीत. ते अग्निशामक. आणि या दोघांच्या मागे, दार लावून ठेवलेल्या खोलीत असतात दुखावलेले, बहुतेकदा लहान वयाचे भाग, ज्यांना आपण जणू हद्दपार केलेलं असतं. कंपनीच्या अधिकाऱ्यापुढे गोड बोलली ती तुमची व्यवस्थापक असावी. आवाज चढू न देणं, समोरच्याचा चेहरा वाचणं, वाद व्हायच्या आत काहीतरी सोडून देणं. ही कला ती कुठे शिकली ते तुम्ही पत्रात एका वाक्यात लिहून गेला आहात. ‘मधली’ ही सही तिचीच. आई आणि वडिलांच्या मध्ये उभ्या राहिलेल्या मुलीला मुद्दा जिंकायचाच नसतो. भांडण थांबायला हवं असतं. तिने त्या दिवशी तेच केलं, आणि तिच्या हिशेबाने चोख केलं. फक्त समोर आई-वडील नव्हते, भराव टाकणारे होते.

त्या मुलीपर्यंत मात्र या सदराच्या भरवशावर एकट्याने जाऊ नका. दार लावलेल्या खोल्या एखाद्या जाणत्या, प्रशिक्षित समुपदेशकाच्या सोबतीने उघडाव्यात, विशेषतः आत मोठा आघात असेल तर. शिबिरांबद्दल माझी हीच तक्रार आहे. दोन दिवसांत खोल्या उघडतात आणि तिसऱ्या दिवशी प्रमाणपत्र देऊन घरी पाठवतात. या पद्धतीवरचं संशोधनही अजून थोडंच आहे. २०१३ मध्ये संधिवाताच्या रुग्णांवरचा एक नियंत्रित अभ्यास प्रसिद्ध झाला, त्यात वेदना आणि नैराश्य काही प्रमाणात कमी झालेलं दिसलं. इतरही काही छोटे अभ्यास आहेत. मी ही पद्धत एक उपयोगी हत्यार मानते, धर्म मानत नाही.

रात्री दोनला बातम्या वाचणारीबद्दल मात्र मला थोडं वेगळं म्हणायचं आहे. शिबिरात बहुधा तिलाही जुन्या जखमेच्या खात्यात टाकलं असेल. थोडी जुनी जखम असेलही. पण २०२४ हे औद्योगिकपूर्व काळाच्या तुलनेत दीड अंशाहून जास्त तापलेलं पहिलं वर्ष ठरलं, आणि २०१५च्या पॅरिस करारात तापमानवाढ शक्यतो याच दीड अंशात रोखायचे प्रयत्न करू असं जगाने लिहून दिलं होतं. एका वर्षाने करार मोडत नाही, त्याचं माप दीर्घकालीन सरासरीचं आहे, तरी इशारा स्पष्ट आहे. २०२१ मध्ये दहा देशांतल्या दहा हजार तरुणांना हवामानबदलाबद्दल विचारलं, तेव्हा ५९ टक्के जणांनी आपण खूप किंवा अतिशय चिंतेत असल्याचं सांगितलं. या सगळ्यांचं बालपण बिघडलं होतं असं म्हणायचं का? तुमची ही घाबरलेली पहारेकरी आकडे बरोबर वाचते. तिची माहिती खरी आहे, तिची वेळ चुकते. रात्री दोनला त्या माहितीचं काहीच करता येत नाही, म्हणून ती पुढची बातमी उघडते. तिला ‘सकारात्मक विचार कर’ म्हणून गप्प करू नका. खोटं बोललेलं तिला लगेच कळतं. तिला दिवसातली जागा द्या. आठवड्यातला एक तास ठरवा, तिने जे गोळा केलं ते वहीत लिहा, त्यातलं आपल्या पाणथळीशी संबंधित काय आणि नुसतं दुःखाचं काय हे वेगळं करा. दुःखाचं जे असेल ते एखाद्या जवळच्या सहकाऱ्यासोबत बसून मोठ्याने वाचा. रडू आलं तर येऊ द्या. आपल्याला सकाळी खरंच विचारलं जाणार आहे, हा विश्वास बसला की पहारेकरी रात्री झोपतात. लगेच नाही, तीन-चार आठवडे लागतात.

आता तुमचा मुख्य आक्षेप: हे स्वतःत रमणं नाही का?

होऊ शकतं. मी असे गट पाहिले आहेत जिथे वर्षभर सगळे एकमेकांच्या भागांची विचारपूस करत राहिले आणि हरकती दाखल करायची मुदत निघून गेली. पण उलटं उदाहरण या चळवळींच्या मुळाशीच आहे. ‘बर्नआउट’, म्हणजे कामाने आतून जळून संपणं, हा शब्द ज्या लेखामुळे मानसशास्त्रात रुजला, तो १९७४ साली हर्बर्ट फ्रॉइडनबर्गर यांनी लिहिला, आणि तो न्यूयॉर्कमधल्या मोफत दवाखान्यात राबणाऱ्या कार्यकर्त्यांबद्दल होता. ते स्वतःही त्यांच्यातलेच एक होते आणि स्वतःही जळून गेले होते. त्यांचं निरीक्षण असं, की सगळ्यात आधी कोसळतात ते सगळ्यात जास्त वाहून घेतलेले. म्हणजे आपल्या कामाला माणसं पुरवणारा जो गुण, तोच माणसं संपवतो. २०२१ मध्ये काही मंडळींनी ‘इनर डेव्हलपमेंट गोल्स’ नावाचा आराखडा मांडला तोही याच जाणिवेतून: संयुक्त राष्ट्रांची शाश्वत विकासाची सतरा उद्दिष्टं २०३०पर्यंत गाठायची आहेत, पण ती गाठणाऱ्या माणसांच्या आत काय लागतं ते कुणी लिहिलेलंच नाही. त्यांनी पाच गटांत तेवीस गुण मोजून काढले. मला तेवीस जरा जास्तच वाटतात. माणसाला एका वेळी एक जमलं तरी पुष्कळ.

तुमच्या गटाचे दोन तट घ्या. रस्सीखेचीत दोन्ही बाजू मागे झुकून ओढतात, आणि थोड्या वेळाने कुणालाच सोडता येत नाही, कारण ज्याने सोडलं तो आपटतो. तरुण जितकं ‘दमडी नको’ म्हणतात तितके खजिनदार पगाराचे आकडे पुढे करतात. ते जितके आकडे पुढे करतात तितके तरुणांना ते विकले गेलेले वाटतात. आणि तुम्ही मध्ये, दोर पकडून. हेच दोन भाग तुमच्यातही आहेत की! बाटली पाहून ओरडली ती ‘दमडी नको’वाली. अधिकाऱ्याला गोड बोलली ती ‘जमवून घ्या’वाली. तुम्ही बैठकीत तरुणांची बाजू घेता तेव्हा घरी येऊन कोण टोचतं, आणि खजिनदारांची घेता तेव्हा कोण, हे एकदा पाहा. बाहेरच्या दोघांत समेट होत नाही याचं एक कारण असं असू शकतं की तुम्ही तो आतल्या दोघींत करायची घाई करताय, कशीही करून, आवाज थांबावा म्हणून.

समेट बाजूला ठेवा. पुढच्या बैठकीत निर्णय नको. दोन्ही बाजूंना एकच प्रश्न विचारा: ‘तुमचं म्हणणं मान्य झालं नाही, तर सगळ्यात वाईट काय होईल असं वाटतं?’ प्रत्येकाला अडवल्याशिवाय बोलू द्या. खजिनदारांना कदाचित पाच पगारी लोकांच्या घरची काळजी असेल, जी त्यांनी आजवर आकड्यांत लपवली. तरुणांना कदाचित ही भीती असेल की दहा वर्षांनी आपणही तुमच्यासारखे दमलेले आणि तडजोडी केलेले होऊ. हे ऐकणं तुम्हाला जड जाईल. ऐका.

आणि बोलताना एक सवय लावा: भाग होऊन बोलायचं नाही, भागाच्या वतीने बोलायचं. ‘तुम्हाला कुणाला काही पडलेलीच नाही’ हे भाग होऊन बोलणं. ‘हा प्रस्ताव वाचला आणि माझ्यातला एक भाग भडकला, त्याला वाटतं आपण विकले जातोय, दुसऱ्याला पगाराची चिंता आहे, मी अजून ठरवलेलं नाही’ हे वतीने बोलणं. मजकूर तोच, पण समोरच्याला ढाल उचलावी लागत नाही. कंपनीच्या अधिकाऱ्यासमोर अर्थातच हे उघड करू नका, तिथे ते आपल्यापुरतं ठेवायचं. आत शिरण्याआधी दोन मिनिटं थांबून त्या गोड बोलणाऱ्या मुलीला सांगायचं: हे घर नाही, समोर आई-बाबा नाहीत, तू बाहेर थांब, आत मी जाते. सोडायचे नाहीत असे मुद्दे कागदावर लिहून न्या आणि सोबत एकाला न्या. केवळ आतल्या कामावर विसंबून वाटाघाटीला जाऊ नये.

एक ताकीद. ही भाषा दुसऱ्यावर वापरू नका. ‘हा तुझा अग्निशामक बोलतोय’ असं खजिनदारांना म्हणालात तर त्यांनी उठून जावं, असंच मी म्हणेन. दुसऱ्याच्या आत कोण आहे ते त्याने सांगायचं. तसंच, पाच पगारी माणसांत दहा जणांचं काम चाललं असेल तर त्यावरचा उपाय माणसं वाढवणं किंवा काम कमी करणं हाच आहे. तुमच्या थकलेल्या भागाची कितीही समजूत घातली तरी दिवसाचे तास वाढत नाहीत, आणि कामाचा बोजा हा ज्याने त्याने आतल्या आत सोडवायचा खासगी प्रश्न करून टाकणारी संस्था मला अजिबात आवडत नाही.

राजीनाम्याचं. तो कुणी लिहिलाय? मला शंका आहे की रात्री दोनच्या सुमारास, सगळं एकदाचं थांबावं असं वाटणारीने. तिचा मसुदा फाडू नका, मेल करू नका, ठेवून द्या. त्याच्याशेजारी आणखी दोन कागद लिहा: एक ओरडणारीच्या हाताने, एक मधलीच्या. तिघींना काय हवंय ते एकत्र वाचा. तिघींनाही विश्रांती हवी असेल तर दोन महिन्यांची रजा मागा आणि कुणाकडे तरी सूत्रं द्या. एका प्रमुखाच्या रजेने गट मोडत असेल तर तेही आत्ताच कळलेलं बरं. आणि सगळ्या शांत असताना, सकाळच्या उजेडात, जायची वेळ झाली असं तुम्हाला स्वच्छ दिसलं, तर जरूर जा. सोडणं म्हणजे हरणं असं मी मानत नाही.

पण त्याआधी त्या मुलाला फोन. महिना होत आला. लांबलचक स्पष्टीकरण नको आणि भागांची भाषा तर नकोच. ‘मी तुझ्यावर सगळ्यांसमोर ओरडले, ते चूक होतं, मला माफ कर,’ एवढंच. पुढे ‘पण बाटली…’ असं आत कुणी म्हणायला लागलं तर तिला थोपवा. नंतर विचारा, तो गटात कशासाठी आला होता. पहिल्या दिवशी ते त्याला कुणी विचारलं होतं का, हे तुमच्या पत्रात कुठे दिसलं नाही.